दारू आणि ड्रग्जचं व्यसन: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हे प्रश्न सहसा पिणारा माणूस विचारत नाही. बायको विचारते, आई विचारते, कधी दहावीतली मुलगी विचारते. म्हणून उत्तरंही त्यांच्यासाठीच लिहिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर रोज पिणाऱ्याची दारू घरात अचानक बंद करण्याबद्दलचा प्रश्न आधी वाचा. तिथे जिवाशी गाठ असते.

हे फक्त आमच्याच घरात आहे का?

नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर सर्वेक्षण केलं आणि त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे साधारण १६ कोटी माणसं. त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना पिण्यामुळे मदतीची गरज आहे. गांजा, भांग, चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी आणि अफू, हेरॉइन किंवा त्याच जातीच्या गोळ्या-औषधं घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या १३.९ टक्के पुरुषांनी आपण दारू पितो असं सांगितलं, गोव्यात ३६.९ टक्क्यांनी.

मला मात्र 'एम्स'च्या अहवालातला वेगळाच आकडा छळतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेले ३७ कुठे आहेत? घरातच आहेत. 'पित्त झालंय', 'ड्युटीवरून दमून आलेत' असं सांगून शेजाऱ्यांपासून लपवलेले. त्यांना लपवताना त्यांची माणसंही आजारी पडत चालली आहेत.

तो रोज पितो, पण कामावर जातो, पगार घरी देतो. मग ते व्यसन कसं?

नोकरी टिकणं ही व्यसन नसल्याची खूण नव्हे. कित्येकांची नोकरी सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी झोप, तब्येत, मुलांशी बोलणं, शब्दाला असलेली किंमत हे सगळं एकेक करून गेलेलं असतं.

डॉक्टर साधारण या गोष्टी बघतात: ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते का, पूर्वी दोन पेगमध्ये जे व्हायचं त्याला आता चार लागतात का, प्यायली नाही तर हात थरथरणं, घाम, चिडचिड होते का, नुकसान दिसत असूनही पिणं चालूच राहतं का. घरच्या घरी विचारता येतील असे चार साधे प्रश्न जगभर वापरले जातात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कोणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून, घ्यावी लागते का? दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. शेवटचं एकटंच 'हो' आलं तरी थांबू नका.

बीअर तर दारूत मोडत नाही ना?

मोडते, आणि हिशोब अगदी सोपा आहे. ३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलिलिटरची, ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर घेतली तर तिच्यात ४० ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे अशा बीअरची एक बाटली ३० मिलिलिटरच्या चार पेगांएवढी. 'मी फक्त दोन बीअर घेतल्या' असं म्हणणाऱ्याने क्वार्टरपेक्षा जास्त दारू प्यायलेली असते, कारण १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम असतं.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही त्याचा वेग वाढत नाही. रात्री बाराला क्वार्टर संपवून सकाळी सहाला गाडी काढणाऱ्याच्या रक्तात दारू शिल्लक असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे.

थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. दारूमुळे तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तनाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. हृदयासाठी चालायला जा.

बाई पीत असेल तर?

उपचार तेच. फक्त बाईचं पिणं आणखी दडपलं जातं, आणि तिच्या शरीराला, विशेषतः यकृताला, कमी दारूत आणि कमी वर्षांत इजा होते. गरोदरपणात एक घोटही नको. तिला उपचारांना नेताना 'घराण्याची अब्रू' मध्ये आणू नका.

तो म्हणतो, उद्यापासून एकदम बंद. आम्ही चार दिवस खोलीत कोंडून ठेवू का?

नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की मेंदू खवळतो. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकलेला असतो. दाब निघतो, जोर तसाच राहतो.

पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी आली नसली तरी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, 'चला, सुटली बरं का' असं घरच्यांना वाटत असतानाच, काही जणांना भ्रम सुरू होतो. माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो. भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणतो. बायकोला ओळखत नाही, 'बाहेर कोणीतरी मला मारायला आलंय' म्हणून दाराकडे धावतो. अंग तापलेलं, नाडी जोरात. घरच्यांना हे 'लागीर' वाटतं आणि देवऋषी बोलावला जातो. हा वैद्यकीय आपत्काळ आहे. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. १०८ ला फोन करा.

फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका.

रुग्णालयात हेच दिवस औषधांच्या आधाराने बरेच सुसह्य जातात. झटके टाळणारी औषधं डोस हळूहळू उतरवत देतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूड्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो आणि त्याअभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. डॉक्टरांना मात्र खरं प्रमाण सांगा. 'कधीमधी घेतात' असं सांगून अपेंडिक्सच्या किंवा हाडाच्या ऑपरेशनसाठी दाखल केलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून वॉर्डात पळत सुटतो, तेव्हा सगळी धावपळ होते ती त्या एका लपवलेल्या वाक्यामुळे.

हातभट्टीची आणि दुकानातली, यात फरक काय?

दोन्हीत अल्कोहोलच, पण हातभट्टीच्या फुग्यात नेमकं काय भरलंय याची खात्री विकणाऱ्यालाही नसते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल मिसळलेलं होतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करतं. घात असा की त्रास लगेच होत नाही, बऱ्याचदा बारा-चोवीस तास जातात. मग पोटात कळा, उलट्या, धाप, आणि नजरेपुढे धुकं किंवा पांढरं पांढरं. 'झोपला की उतरेल' म्हणून निजवू नका. डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्याच ठिकाणी ज्यांनी ज्यांनी घेतली असेल त्यांनाही न्या, त्रास नसला तरी.

मुलगा 'एमडी' घेतो असं कळलं. हे काय असतं?

मेफेड्रोन. प्रयोगशाळेत बनणारी पांढरट पूड किंवा खडे, बहुतेक वेळा नाकातून ओढतात. शेतात काही पिकवावं लागत नाही, रसायनं आणि बंद पडलेल्या कारखान्याची एक शेड पुरते. म्हणूनच ते महाराष्ट्रात इतकं पसरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो माल पकडला. ज्या वसाहतीत आपल्याच गावचे लोक पाळीला जातात, त्याच वसाहतीत हे शिजत होतं. २०१५ पर्यंत मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हतं.

घेतल्यावर अंगात वारं शिरल्यासारखं होतं. बोलणं, धिटाई, जागरण, सगळं वाढतं. पण असर लवकर ओसरतो आणि लगेच दुसरी ओढ हवीशी वाटते, त्यामुळे एका रात्रीत पुडीच्या पुडी संपते. मग दोन-तीन दिवसांची मरगळ, रडू, जीव नकोसा होणं. हा उताराचा काळ आत्महत्येच्या दृष्टीने धोक्याचा असतो, तेव्हा मुलाला एकटं सोडू नका. काहींना 'सगळे माझ्यावर पाळत ठेवून आहेत' असा संशय जडतो, काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात.

घरात काय दिसतं? दोन रात्री टक्क जागा आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोप. जबडा सतत आवळलेला, दात खाणं. नाकातून रक्त, सर्दी नसताना नाक चोळणं. भूक मेल्याने महिना-दोन महिन्यांत उतरलेलं वजन. कडेला पांढरी भुकटी लागलेलं एटीएम कार्ड, सुरळी केलेली नोट, बोटभर झिपच्या पिशव्या. आणि पैसे. आधी स्वतःचा मोबाईल 'हरवतो', मग बहिणीची चेन. यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. जागरण तर परीक्षेचंही असतं. पण तीन-चार एकत्र दिसल्या तर बोला, तेही तो शुद्धीत असताना, दिवसा, बापाने हात न उचलता.

दारूला जशी उतरवणीची ठरलेली औषधं आहेत, तसं मेफेड्रोनला थेट औषध नाही. झोप, संशय, नैराश्य यांवर मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात आणि बाकी जोर समुपदेशनावर असतो. तरी मुलं यातून बाहेर येतात. लवकर आणलेली जास्त येतात.

गांजा तर नैसर्गिक आहे. साधूसुद्धा ओढतात.

धोतराही नैसर्गिकच. अठरा-वीस वर्षांच्या, अजून घडत असलेल्या मेंदूवर रोजचा गांजा वाईट परिणाम करतो: लक्ष लागत नाही, अभ्यास सुटतो, आणि ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांच्यात भ्रमाचा आजार उफाळण्याचा धोका बराच वाढतो. बी पेरलेलं असतं, गांजा त्याला पाणी घालतो. कानात आवाज येतात, टीव्हीतला माणूस आपल्याबद्दलच बोलतो असं मुलगा म्हणू लागला, तर महिनाभर वाट बघत बसू नका.

झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सोल्यूशन हुंगणं?

झोपेच्या गोळ्या, म्हणजे बाजारात ज्यांना 'बटन' किंवा 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या, दारूसोबत घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. त्याही एकदम बंद करायच्या नसतात, फिट येते. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाची सवय अफूच्याच जातीची. पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनर हुंगणारी मुलं मोठ्यांपेक्षा प्रमाणाने दुप्पट आहेत, असं 'एम्स'चा तोच अहवाल सांगतो. स्टेशनवरच्या मुलांपुरतं हे नाही, पण त्यांच्याकडे आपण सर्वांत कमी बघतो. अशा एकट्या मुलासाठी १०९८ वर फोन करता येतो.

'रोग्याला न कळवता दारू सोडवा' अशी जाहिरात पाहिली. चहातून पावडर देऊ का?

देऊ नका. यातली काही पावडरं निव्वळ लुबाडणूक असतात. काहींमध्ये डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं, आणि ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहीत नसलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात ते माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, यकृत तपासून. ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. आणि चहातून फसवणूक झाल्याचं कळलं की तो तुमच्या हातचं जेवणही घेत नाही, हे तुटणं वेगळंच.

माळ घातली की सुटते ना? लग्न करून दिलं तर?

माळ घालून, वारी धरून दारू सोडलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माळेबरोबर त्यांना नवी संगत मिळते, संध्याकाळी जायला ठिकाण मिळतं: भजन, हरिपाठ, एकादशी. नेमकी तीच वेळ पूर्वी गुत्त्यावर जायची. फक्त रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यावं, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा धोका टळतो. आणि माळ तुटली तर त्याला वाळीत टाकू नका.

लग्नाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलेन. 'बायको आली की सुधारेल' म्हणून व्यसन लपवून लावलेलं लग्न म्हणजे एका अनोळखी मुलीचं आयुष्य उपचार म्हणून वापरणं. असं कोणीही करू नये.

तो तयारच नाही. जबरदस्तीने केंद्रात टाकता येतं का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही आजारात धरल्या आहेत. त्यामुळे त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात: जिवाला किंवा इतरांना धोका असणं, तज्ज्ञांची तपासणी, ठरावीक मुदत. रात्री चार माणसं पाठवून गाडीत घालून नेणारी केंद्रं या अटी पाळत नाहीत. साखळदंड घालायला तर कायद्याने सरळ बंदी आहे.

पण 'तो तयार झाला की बघू' असं म्हणत बसायचीही गरज नाही. आधी तुम्ही जा. समुपदेशन घरच्यांनाही मिळतं, आणि घर बदललं की पिणाऱ्यालाही हलावं लागतं. त्याची उधारी फेडणं थांबवा. साहेबांना 'ताप आलाय' असा खोटा फोन करू नका. वांती केलेली तशीच राहू द्या, त्याला सकाळी बघू द्या. प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका, सकाळी सातला, चहासोबत, दोन वाक्यांत सांगा: 'काल गुड्डू तुला बघून पलंगाखाली लपला. मी बुधवारी डॉक्टरांकडे चाललेय, तू चल.'

मारहाण होत असेल तर?

व्यसन आजार आहे म्हणून मार सहन करायचा नसतो. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळतो. उपचार नंतर, आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित.

चांगलं केंद्र कसं ओळखायचं?

मानसोपचारतज्ज्ञ खरोखर येतात का, रात्री फिट आली तर काय सोय आहे, घरच्यांना भेटू देतात का, नोंदणी आहे का, हे विचारा. मारहाणीला 'शिस्त' म्हणणाऱ्या जागेतून परत फिरा. महाराष्ट्रात या कामाचा पाया घातला तो पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात ते सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. स्वतः त्यातून गेलेला माणूस समोर बसून बोलतो तेव्हा नवा आलेला ऐकतो. डॉक्टरांचं तो तितकं ऐकत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागातही उपचार होतात, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या सभांना एक पैसा लागत नाही.

उपचाराला नेलं तर पोलीस केस होईल का?

दारूसाठी नाही. ड्रग्जच्या बाबतीत १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातला आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

दीड वर्ष बंद होती, आणि भावाच्या हळदीत पुन्हा घेतली. सगळं पाण्यात गेलं ना?

नाही गेलं. हा आजार मधुमेहासारखा परत डोकं वर काढतो. दीड वर्षात तो जे शिकला ते त्याच्याकडेच आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, कारण एका घोटावरून पुन्हा रोजच्या पिण्याकडे माणसाला बऱ्याचदा लाजच ढकलते. हेरॉइन सोडलेल्याच्या बाबतीत मात्र पुन्हा घेणं जास्त घातक: शरीराची सवय मोडलेली असते आणि जुना डोस आता जीव घेतो.

गावातलं दुकान बंद करता येतं का?

येतं. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर सरकारला मतदान घ्यावं लागतं, आणि 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, नियमात ठरलेली मतं मिळाली तर परवाना जातो. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली आणि २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावोगाव काम करतं आहे. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. माझं मत असं की, नुसत्या कागदावरच्या बंदीने चोरटी दारू येते. गावात बायकांची समिती जागी असेल आणि पिणाऱ्यांसाठी उपचारांची सोय असेल, तर बंदी टिकते.

फोन कुठे करायचा आणि ते काय विचारतात?

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. मन खचलं असेल, आत्महत्येचे विचार असतील तर टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलता येतं. ड्रग्ज विक्रीची माहिती द्यायची तर १९३३. कोणताही फोन त्याच्या परवानगीवाचून करता येतो.

करण्याआधी कागदावर एवढं लिहून ठेवा: काय घेतो, दिवसाला किती, किती वर्षांपासून, शेवटची कधी घेतली, यापूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का, शुगर-बीपी-कावीळ काही आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. तुमचं नाव सांगायचं नसेल तर सांगू नका.